दोन अक्षरांमधली जागा

१९६९ साली अमेरिकेत ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा दूरचित्रवाणी कार्यक्रम सुरू झाला. त्याआधी त्याचे काही तुकडे मुलांना दाखवून पाहिले गेले. त्यातला एक अगदी साधा होता. डोक्याचा तुळतुळीत गोटा केलेला एक धिप्पाड कृष्णवर्णीय माणूस थेट आपल्याकडे पाहतो. पडद्यावर ‘ए’ हे अक्षर उमटतं. माणूस बोलत नाही, पाहत राहतो. आता हा काही बोलत नाही असं वाटायला लागतं, तेव्हा ओठ पुरते उघडून तो म्हणतो, ‘ए’. पुन्हा शांतता. मग ‘बी’. असं करत सव्वीस अक्षरं.

मुलं हे कसं पाहतात याची नोंद करणाऱ्या अभ्यासकांना एक गंमत दिसली. पहिल्यांदा पाहताना मुलं त्या माणसामागून अक्षर म्हणत. दोन-चारदा पाहिल्यावर पडद्यावर अक्षर उमटलं, की त्याने तोंड उघडायच्या आत मुलंच ते ओरडून सांगत. आणि आणखी काही वेळा पाहिल्यावर तर अक्षर उमटण्याच्याही आधी पुढचं अक्षर मुलांच्या तोंडून बाहेर पडे. त्या माणसाने मध्ये सोडलेल्या जागेत मुलं शिरत होती. अभ्यासकांनी याला त्या नटाचंच नाव दिलं: ‘जेम्स अर्ल जोन्स परिणाम’.

आपल्याकडे बालवाडीत बाई ‘क कमळाचा’ म्हणतात आणि अख्खा वर्ग मागून तेच म्हणतो. तिथेही बाई क्षणभर थांबतात, पण ते मुलांचा आवाज संपेपर्यंत. जोन्स बोलण्याच्या आधी थांबत. हा फरक बारीक आहे आणि या माणसाची साठहून अधिक वर्षांची कारकीर्द त्या फरकावर उभी आहे असं मला वाटतं. त्यांच्या आवाजाबद्दल खूप लिहिलं गेलं. खर्ज, घुमारा, भारदस्तपणा, सगळं खरंच. पण खर्जातले आवाज जगात पुष्कळ आहेत. आपल्या गाण्यात ‘जागा’ म्हणतात, गायकाने सुरांमध्ये हेरलेल्या, नेमक्या घेतलेल्या. जोन्स यांच्या जागा रिकाम्या असत, आणि त्या त्यांना फार लहान वयात, फार वाईट रीतीने सापडल्या होत्या.

१७ जानेवारी १९३१ रोजी मिसिसिपी राज्यातल्या अर्काबुटला या खेड्यात त्यांचा जन्म झाला. वडील रॉबर्ट अर्ल जोन्स त्याच सुमारास घर सोडून गेले. पुढे ते मुष्टियोद्धा झाले, मग नट झाले. मुलगा वाढला आईच्या आईवडिलांकडे. तो चार-पाच वर्षांचा असताना आजी-आजोबांनी दक्षिणेतलं घर सोडलं आणि उत्तरेकडे मिशिगन राज्यात शेती घेतली. या उखडण्याचा धक्का मुलाच्या जिभेला बसला. तो अडखळायला लागला. लोक हसतात हे लक्षात आल्यावर त्याने बोलणंच सोडलं. घरच्यांशी जेवढ्यास तेवढं, आणि शेतावरच्या जनावरांशी मनमोकळं. शाळेत मात्र तो जवळजवळ आठ वर्षं मुका असल्यासारखा राहिला. शिक्षकांना उत्तरं लिहून देई.

ही कोंडी फोडली ब्रेदरेन गावच्या शाळेतल्या डोनाल्ड क्राउच या इंग्रजीच्या शिक्षकांनी. हा मुलगा चोरून कविता करतो, हे त्यांना कळलं. त्या सुमारास फ्लोरिडातून मिशिगनमध्ये सरकारी मदतीची ग्रेपफ्रूट येत. ग्रेपफ्रूट हे आपल्या पपनसाच्या कुळातलं फळ. थंडीच्या प्रदेशातल्या मुलांना त्याचं अप्रूप. जेम्सने त्यावर कविता लिहिली. क्राउच सर म्हणाले, कविता इतकी चांगली आहे की ही तुझीच कशावरून? तुझी असेल तर तोंडपाठ असणार. वर्गासमोर उभा राहा आणि म्हणून दाखव.

आज वाचताना हे कठोर वाटतं. अडखळणाऱ्या मुलाला चोरीचा आळ घेऊन वर्गासमोर उभं करायचं! पण क्राउच सरांना मुलगा ओळखता आला होता. आळ खोटा ठरवायचा असेल तर बोलावं लागेल, एवढाच पेच त्यांनी टाकला. मुलगा उभा राहिला आणि त्याने अख्खी कविता एकदाही न अडखळता म्हटली. वर्ग चकित झाला, आणि सगळ्यांत जास्त तो स्वतः.

यात चमत्कार नाही. अडखळणाऱ्या कित्येकांना गाताना, पद्य म्हणताना किंवा इतरांच्या सुरात सूर मिसळून बोलताना त्रास होत नाही. शब्द आधीच ठरलेले असतात आणि लय पुढचं पाऊल कुठे टाकायचं ते सांगत असते. रोजच्या बोलण्यात तसं नसतं. तिथे वाक्य रचायचं आणि उच्चारायचं काम एकाच वेळी चालतं, आणि अडखळणाऱ्या माणसाची नजर चार शब्द पुढे धावत असते. तो अवघड ‘म’ येतोय, तिथे अडकणार. मग तो ऐन वेळी शब्द बदलतो, वळसा घेतो, नाहीतर थांबतो. क्राउच सरांनी या मुलाला रोज मोठ्याने वाचायला लावलं, वक्तृत्वाच्या स्पर्धांमध्ये उतरवलं. मधल्या काळात त्याचा आवाज फुटला होता आणि गप्प बसलेल्या मुलाच्या गळ्यातून एक अनोळखी खर्ज बाहेर येऊ लागला होता.

अडखळणं गेलं मात्र नाही. जोन्स यांनी हे कधी लपवलं नाही. आपण बरे झालो असं न म्हणता, आपण त्याच्यासोबत काम करायला शिकलो, असंच ते सांगत. मुलाखतींमध्ये नीट ऐकलं तर शब्दाआधीची ती तयारी जाणवते. बाकीचे नट शब्दफेक शिकतात. जोन्स शब्द फेकत नसत, ठेवत. ओल्या जमिनीवर पाय रोवून मगच भार टाकावा तसे.

मिशिगन विद्यापीठात ते गेले वैद्यकशास्त्राच्या वाटेने, पण रमले नाटकात. कोरियाच्या युद्धाच्या काळात सैन्यात अधिकारी झाले, कोलोराडोच्या बर्फाळ डोंगरांत प्रशिक्षणाच्या कामावर राहिले. मॅनिस्टी गावातल्या रॅम्सडेल थिएटरमध्ये त्यांनी सुतारकाम केलं आणि त्याच रंगमंचावर ऑथेल्लोही उभा केला. मग न्यू यॉर्क. पोटासाठी झाडलोट, लादी पुसणं, आणि उरलेल्या वेळात नाटक. ज्या वडिलांना कधी पाहिलं नव्हतं त्यांची भेटही आता मोठेपणी झाली. दोघं पुढे रंगमंचावर एकत्र उभे राहिले. नात्यातलं अंतर त्याने किती मिटलं हे बाहेरच्याने ठरवू नये, पण बाप-लेकांची खरी ओळख तालमीत व्हावी, हे नाटकवाल्यांच्या घरांत नवं नाही.

१९५८ साली ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’ या नाटकात त्यांना ब्रॉडवेवर छोटं काम मिळालं. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना पोलिओने गाठलं त्या काळावरचं हे नाटक. जोन्स त्यात घरातले नोकर. मिसेस रूझवेल्टना जेवण तयार असल्याची वर्दी द्यायची, एवढंच वाक्य. वाक्याचा पहिला शब्द ‘मिसेस’. म्हणजे पहिलंच अक्षर ‘म’. एका रात्री, भरलेल्या प्रेक्षागृहासमोर, ते त्या ‘म’वर अडकले. प्रयोग पुढे गेला, पण ती रात्र ते विसरले नाहीत. तीसेक वर्षांनी जगातला सर्वांत ओळखीचा आवाज म्हणून मुलाखती देतानाही ती गोष्ट ते सांगत.

१९६१ मध्ये झाँ जने यांच्या ‘द ब्लॅक्स’ या नाटकाचा प्रयोग न्यू यॉर्कच्या छोट्या नाट्यगृहात सुरू झाला. त्यात जोन्स होते, सिसिली टायसन होत्या, माया अँजेलो होत्या, लुइस गॉसेट होते. पुढच्या अर्ध्या शतकातल्या कृष्णवर्णीय अमेरिकन अभिनयाची एक अख्खी फळीच एका रंगमंचावर जमली होती. दरम्यान सेंट्रल पार्कमधल्या खुल्या शेक्सपिअर महोत्सवात जोन्स मोरोक्कोच्या राजपुत्राची भूमिका करत होते आणि त्याच नाटकात शायलॉक होते जॉर्ज सी. स्कॉट. स्कॉट यांना पाहायला चित्रपट-दिग्दर्शक स्टॅन्ली क्युब्रिक आले आणि जाताना या राजपुत्रालाही घेऊन गेले. १९६४ च्या ‘डॉक्टर स्ट्रेंजलव्ह’मधला बॉम्बफेक्या विमानातला लेफ्टनंट झॉग ही जोन्स यांची पहिली चित्रपट-भूमिका.

पण त्यांना खरं घडवलं ‘द ग्रेट व्हाइट होप’ने. हॉवर्ड सॅकलर यांचं हे नाटक १९६७ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेजवर आलं आणि १९६८ मध्ये ब्रॉडवेवर. नायक जॅक जेफरसन हा जॅक जॉन्सन या खऱ्या मुष्टियोद्ध्यावर बेतलेला. जॉन्सन हा हेवीवेटचा पहिला कृष्णवर्णीय जगज्जेता. त्याला हरवण्यासाठी गोऱ्या अमेरिकेने गोरा मल्ल शोधायचा चंग बांधला, आणि रिंगणात जमेना तेव्हा कायद्याने त्याला घेरलं. जोन्स यांनी डोकं भादरलं, मुष्टियोद्ध्यासारखी शरीराची मेहनत केली. ‘सेसमी स्ट्रीट’मधला तो गोटा याच भूमिकेचा. १९६९ मध्ये त्यांना रंगभूमीचा टोनी पुरस्कार मिळाला. १९७० मध्ये नाटकाचा चित्रपट झाला आणि सर्वोत्तम अभिनेत्याच्या ऑस्करसाठी नामांकन झालेले ते सिडनी पॉइटिए यांच्यानंतरचे दुसरेच कृष्णवर्णीय नट ठरले.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण ‘डार्थ व्हेडरचा आवाज’ एवढीच ओळख असलेल्या वाचकाला हा माणूस आधी शरीराचा नट होता हे सांगायला हवं. जॅक जेफरसन हा घामाने निथळणारा, हसणारा, गर्जणारा, मोडून पडणारा माणूस आहे. त्यानंतर त्यांनी सेंट्रल पार्कमध्ये लिअर केला, ‘ऑफ माइस अँड मेन’मधला भाबडा, राक्षसी ताकदीचा लेनी केला, ‘क्लॉडीन’ या चित्रपटात न्यू यॉर्कमधला कचरा उचलणारा आनंदी प्रेमिक केला. तरीही त्या काळच्या हॉलिवुडमध्ये अशा नटासाठी मोठ्या भूमिका लिहिल्या जात नव्हत्या. ऑस्करचं नामांकन मिळालेल्या गोऱ्या नटापुढे पुढच्या पाच वर्षांत ज्या संहिता येऊन पडतात, त्या त्यांच्यापुढे पडल्या नाहीत. अशा वेळी दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांना एक आवाज हवा होता.

‘स्टार वॉर्स’चा खलनायक डार्थ व्हेडर डोक्यापासून पायापर्यंत काळ्या पोशाखात आणि मुखवट्यात बंद असतो. चित्रीकरणात तो पोशाख घातला होता डेव्हिड प्राउझ या इंग्रज व्यायामपटूने. उंची साडेसहा फूट, पण बोलीला इंग्लंडच्या पश्चिमेकडचा ग्रामीण हेल. लुकासना तो चालेना. जोन्स यांना बोलावलं गेलं. त्यांच्याच सांगण्यानुसार काम अडीच तासांचं होतं आणि मोबदला ७,००० डॉलर. तेव्हा त्यांना ती रक्कम चांगलीच वाटली होती.

व्हेडर हे एक पात्र किती जणांनी मिळून उभं केलं ते पाहण्यासारखं आहे. देह प्राउझ यांचा. पुढच्या दोन चित्रपटांत तलवारबाजीचे प्रसंग बरेचसे बॉब अँडरसन यांचे. १९८३ च्या तिसऱ्या चित्रपटात मुखवटा उतरतो तेव्हा दिसणारा चेहरा सबॅस्टियन शॉ यांचा. श्वास ध्वनिसंयोजक बेन बर्ट यांचा: पाणबुड्यांच्या श्वसनयंत्रात छोटा मायक्रोफोन बसवून त्यांनी स्वतःचा श्वासोच्छ्वास ध्वनिमुद्रित केला होता. आणि आवाज जोन्स यांचा. हे सगळं इतकं एकजीव झालं, की व्हेडर आठवला की आधी श्वास ऐकू येतो, मग शब्द. जोन्स जिथे थांबत ती जागा या पात्रात दुसऱ्याच्या श्वासाने भरून काढली आहे. म्हणूनच व्हेडरची शांतता इतकी भीतिदायक. गप्प असतानाही तो तिथे आहे, हे कानाला कळत राहतं.

दुसऱ्या चित्रपटाच्या वेळी जोन्स यांना या पात्रात थोडे चढउतार, थोडी माणुसकी आणावीशी वाटत होती. लुकास यांनी नको म्हटलं. व्हेडर माणसासारखा बोलायला लागला की संपला, भावनेची पट्टी अरुंदच ठेवायची. आपल्या आवाजातल्या सगळ्या रंगांतले एक-दोनच वापरायचे आणि तरीही ऐकणाऱ्याला हलवायचं, हे रंगमंचावरच्या मोठमोठ्या भूमिकांपेक्षा सोपं नाही. आपण नायक ल्यूकचे बाप आहोत हे व्हेडर त्याला सांगतो ते वाक्य आधी फार थोड्यांना ठाऊक होतं. चित्रीकरणात प्राउझ यांना दुसरंच वाक्य दिलं होतं, खरं वाक्य जोन्स यांच्या आवाजात मागाहून आलं. ते वाचून त्यांनाही आधी वाटलं, की हा व्हेडर खोटं बोलतोय.

पहिल्या दोन चित्रपटांच्या श्रेयनामावलीत त्यांचं नाव नाही, आणि हा त्यांचाच आग्रह. आपण नट म्हणून इथे काही केलेलं नाही, आपण फक्त ‘स्पेशल इफेक्ट’ आहोत, असं ते म्हणत. त्याआधी ‘द एक्झॉर्सिस्ट’ या चित्रपटात सैतानाचा आवाज देणाऱ्या मर्सिडीज मॅकेम्ब्रिज यांच्या श्रेयावरून मोठा वाद झाला होता. तसा वाद त्यांना नको होता. ही नम्रता मला मनापासून आवडते, पण मला त्यांचं म्हणणं पटत नाही. आवाज देणाऱ्याला नट न मानणं ही आपल्याकडचीही जुनी खोड आहे. डबिंगच्या काचेच्या खोलीत उभं राहून दुसऱ्याच्या ओठांत प्राण ओतणाऱ्या किती जणांची नावं आपल्याला ठाऊक आहेत? ओठ दुसऱ्याचे असतात, शरीर दुसऱ्याचं असतं, दृश्यातला समोरचा नटही खोलीत नसतो. उरतो कागद, हेडफोन आणि आपला श्वास. याहून नागडा अभिनय कुठला?

सिंहांचा राजा मुफासा हा व्हेडरच्या अगदी समोरच्या टोकाचा बाप. ‘द लायन किंग’ १९९४ साली आला. ॲनिमेशनमध्ये सहसा आवाज आधी मुद्रित होतो आणि चित्रकार तो ऐकत, नटाचा चेहरा पाहत पात्राला हालचाल देतात. व्हेडरमध्ये आवाज आधीच घडलेल्या देहाला चिकटवायचा होता, इथे आवाजातून देह घडणार होता. गळा तोच, खर्ज तोच. पण व्हेडरच्या वाक्यांच्या शेवटी दार बंद होतं आणि मुफासाच्या वाक्यांच्या शेवटी उघडं राहतं. रात्री गवतात तो आपल्या पोराला, सिंबाला आकाशातल्या राजांबद्दल सांगतो त्या दृश्यात मुद्दाम मधल्या जागा ऐका. बाप थांबतो तेव्हा पोराला विचार करायला वेळ मिळतो. ‘सेसमी स्ट्रीट’च्या मुलांना मिळाला होता तोच हा वेळ. २०१९ मध्ये हा चित्रपट पुन्हा केला गेला तेव्हा जवळजवळ सगळे आवाज बदलले, मुफासाचा बदलला नाही. आपल्याकडे अनेकांनी तो मुफासा हिंदीत शाहरुख खानच्या आवाजात ऐकला. तोही वेगळा आणि चांगला होता, पण ज्यांनी मूळ ऐकला नसेल त्यांनी एकदा जरूर ऐकावा.

मुफासाच्या राणीला, सराबीला आवाज होता मॅज सिंक्लेअर यांचा. १९८८ च्या ‘कमिंग टू अमेरिका’मध्येही या दोघांनी राजा-राणी केले होते. ‘गेब्रिएल्स फायर’ या मालिकेतही दोघं एकत्र होते आणि १९९१ मध्ये त्या मालिकेसाठी दोघांनाही दूरचित्रवाणीचं एमी मिळालं. त्याच संध्याकाळी जोन्स यांना ‘हीट वेव्ह’मधल्या सहायक भूमिकेसाठी आणखी एक एमी मिळालं.

ऑगस्ट विल्सन यांच्या ‘फेन्सेस’ या नाटकातला ट्रॉय मॅक्सन मात्र मी या सगळ्यांच्या वर ठेवीन. पिट्सबर्गमधला कचरागाडीवरचा कामगार. तरुणपणी उत्तम बेसबॉल खेळायचा, पण कातडीच्या रंगामुळे मोठ्या संघांची दारं बंद राहिली. आता तोच माणूस आपल्या खेळाडू मुलाच्या वाटेत उभा आहे. १९८७ मध्ये ब्रॉडवेवर ही भूमिका करून त्यांनी दुसरं टोनी घेतलं. व्हेडर, मुफासा, ट्रॉय: तिघंही बाप, तिघंही मुलाकडे पाहणारे, आणि बोलणारा नट असा, ज्याला लहानपणी बाप मिळालाच नव्हता. जोन्स यांनी स्वतः हा धागा जोडला की नाही हा प्रश्न वेगळा. पाहणाऱ्याला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

बाकी कामांची यादी लांबलचक आहे. ‘फील्ड ऑफ ड्रीम्स’मधला लेखक, ‘हंट फॉर रेड ऑक्टोबर’मधला ॲडमिरल, सीएनएन वाहिनीच्या नावाची ती तीन शब्दांची घोषणा. स्पर्धेतलं ऑस्कर त्यांना कधी मिळालं नाही. २०११ मध्ये मानद ऑस्कर मिळालं तेव्हा ते लंडनमध्ये ‘ड्रायव्हिंग मिस डेझी’चे प्रयोग करत होते. पुरस्कारासाठी प्रयोग सोडून ते गेले नाहीत, बेन किंग्जली यांनी तो रंगमंचावर आणून त्यांच्या हातात दिला. २०१५ मध्ये, ८४ व्या वर्षी, ते ‘द जिन गेम’ या दोनपात्री नाटकात ब्रॉडवेवर उभे होते. समोर सिसिली टायसन, वय ९०. ‘द ब्लॅक्स’ला ५४ वर्षं झाली होती.

नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी व्हेडर सोडला, पण आवाज सोडून जाण्याची तजवीज करूनच. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून यंत्राने हा आवाज घडवायला त्यांनी परवानगी दिली. युक्रेनमधल्या रिस्पीचर या कंपनीने २०२२ च्या ‘ओबी-वान केनोबी’ या ‘स्टार वॉर्स’ मालिकेसाठी ते काम केलं, आणि ते चालू असतानाच त्या देशावर रशियाचं आक्रमण झालं. आवाजाचा पोत यंत्राला जमला. पण शब्द कधी ठेवायचा, किती वेळ थांबायचं हे यंत्राला दुसऱ्या कुणीतरी बोलून दाखवावं लागतं. आवाज जोन्स यांचा आणि जागा दुसऱ्याच्या, असा तो व्हेडर आहे. कंपनी-कंपन्यांमध्ये पुढे असे आवाज विकले-विकत घेतले जातील तेव्हा नटाच्या कराराच्या कागदावर या जागांची किंमत कोण लावणार, याची मला काळजी वाटते.

९ सप्टेंबर २०२४ रोजी, वयाच्या ९३ व्या वर्षी, न्यू यॉर्क राज्यातल्या आपल्या घरी ते गेले.

त्याच्या दोन वर्षं आधी, सप्टेंबर २०२२ मध्ये, न्यू यॉर्कच्या ४८ व्या रस्त्यावरच्या कॉर्ट थिएटरचं नाव बदललं गेलं. १९१२ साली बांधलेलं, डागडुजी करून पुन्हा उघडलेलं हे नाट्यगृह आता जेम्स अर्ल जोन्स थिएटर आहे. ‘सनराइज ॲट कॅम्पोबेलो’चे प्रयोग १९५८ मध्ये याच रंगमंचावर झाले होते. जेवण तयार आहे हे सांगायला आलेला तो तरुण नोकर, पहिल्या ‘म’वर अडकून, इथेच उभा होता.